पुढच्यास ठेच

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



बर्लिन शहराच्या क्रॉयझबर्ग भागात फिडिसिनश्ट्रासे नावाचा एक रस्ता आहे. त्या रस्त्याच्या फूटपाथमध्ये तळहाताएवढा एक दगड बसवलेला आहे. दहा सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद. वर पितळेचा पत्रा आणि त्यावर ठोकून उमटवलेली अक्षरे. त्या अक्षरांत योहान ट्रोलमान या मुष्टियोद्ध्याचे नाव आहे. हा माणूस १९०७ साली जर्मनीतील सिंती जमातीत जन्मला आणि १९४४ साली नाझींच्या छळछावणीत मारला गेला. आजचे माझे बोलणे या एका दगडापुरते आहे. पण तो दगड तेथे का आला आणि इतक्या उशिरा का आला, हे सांगताना बऱ्याच गोष्टी ओघाने येतील.

स्मारक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चौथरा येतो, पुतळा येतो, जयंतीचा हार येतो. पुतळा पाहायचा तर मान वर करावी लागते. हा दगड वाचायचा असेल तर खाली वाकावे लागते. जर्मन भाषेत त्याला 'श्टोल्परश्टाइन' म्हणतात. ज्याला ठेच लागते तो दगड, असा त्या शब्दाचा सरळ अर्थ. प्रत्यक्षात तो जमिनीशी सपाट बसवलेला असतो आणि पायाला ठेच लागत नाही. ठेच लागायची ती मनाला. आपल्याकडे 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' अशी म्हण आहे. मागचा खरोखरच शहाणा होतो का, हा प्रश्न हे दगड विचारीत असतात.

या दगडांची कल्पना गुंटर डेमनिग या जर्मन शिल्पकाराची. ती कोठून निघाली हे समजून घेण्यासारखे आहे. मे १९४० मध्ये कोलोन शहरातून सुमारे एक हजार सिंती व रोमा लोकांना गाड्यांत भरून पूर्वेकडे पाठवण्यात आले होते. त्याला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १९९० साली, डेमनिगने त्या लोकांना ज्या रस्त्यांनी नेले त्या रस्त्यांवर रंगाने एक ओळ उमटवली. पुढे ती ओळ पुसट झाली. काही ठिकाणी ती कायमची करण्याचे काम चालू असताना एक वृद्ध बाई त्याला म्हणाली की, आमच्या वस्तीत असले लोक कधी राहतच नव्हते. ती खोटे बोलत नव्हती. तिचे शेजारी कोण होते हे तिला कधी ठाऊकच झाले नव्हते, किंवा ठाऊक असलेले ती विसरून गेली होती. डेमनिगच्या ध्यानात आले की, छावण्यांच्या जागी कितीही भव्य स्मारके उभारली तरी जोवर घराच्या दारापुढे नाव येत नाही, तोवर 'ते येथे नव्हतेच' असे म्हणण्याची सोय शिल्लक राहते. म्हणून त्याच्या बहुतेक दगडांवरची पहिली ओळ एकच असते: 'येथे राहत होता', किंवा 'येथे राहत होती'. त्याखाली नाव, जन्मवर्ष, कोठे नेले, काय झाले. विशेषण एकही नाही.

पहिला दगड १६ डिसेंबर १९९२ रोजी कोलोनच्या नगरभवनासमोर बसला. बरोबर पन्नास वर्षांपूर्वी, १६ डिसेंबर १९४२ रोजी, सिंती व रोमा लोकांना आउश्वित्झला पाठवण्याचा हुकूम हिमलरने काढला होता. पुढे ज्यू, सिंती व रोमा, राजकीय विरोधक, समलिंगी, यहोवाचे साक्षीदार, मनोरुग्ण म्हणून ठार केलेली माणसे, अशा सर्वांच्या नावाने दगड बसू लागले. बर्लिनमधील पहिले दगड १९९६ साली परवानगीवाचूनच बसवले गेले. मे २०२३ मध्ये न्यूरेम्बर्ग शहरात एक लाखावा दगड बसला. त्यामागे कोणतीही सरकारी योजना नाही. एखाद्या घरात आता राहणारे भाडेकरू, एखाद्या शाळेतील मुले, दूरदेशी गेलेले नातेवाईक जुनी दप्तरे धुंडाळतात, नाव शोधतात, वर्गणी काढतात, आणि मग दगड येतो.

आता ट्रोलमानकडे येतो. त्याचा जन्म हॅनोवरजवळच्या एका खेड्यातला, वाढ हॅनोवरच्या जुन्या गावभागातली. घरात भावंडे पुष्कळ आणि पैसा बेताचा. लहानपणीच तो मुष्टियुद्ध शिकू लागला. त्याला घरी 'रुकेली' म्हणत. सिंतींच्या रोमानी भाषेत 'रुक' म्हणजे झाड. सरळ, उंच अंगकाठीच्या पोराला झाडाचे नाव मिळाले. मराठी माणसाने येथे क्षणभर थांबावे, कारण हा शब्द परका नाही. आपल्या जुन्या मराठीतला 'रूख' तो हाच. रोमानीत पाण्याला 'पानी' म्हणतात, नाकाला 'नाक', कानाला 'कान' आणि माणसाला 'मानुष'. या लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेले. त्यांची बोली हिंदुस्थानातील भाषांच्या कुळातली आहे, हे युरोपातील पंडितांनी अठराव्या शतकाच्या अखेरीसच दाखवून दिले होते. एका जर्मन शहरातील पितळी पत्र्यावरचा तो शब्द आपल्या घरातला आहे.

व्यावसायिक मुष्टियोद्धा म्हणून ट्रोलमान १९२९ पासून खेळू लागला. त्याची शैली वेगळी होती. तो एका जागी पाय रोवून ठोसे देत-घेत नसे. रिंगणभर हलत राही, हुलकावण्या देई, प्रतिस्पर्ध्याला दमवी. आज जगातील मोठे मुष्टियोद्धे असेच खेळतात. पण त्या वेळी काही वृत्तपत्रांनी त्याला 'जिप्सी नाच' म्हणून हिणवले. प्रेक्षक मात्र त्याच्यासाठी गर्दी करीत.

३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सेलर झाला. वसंत ऋतू संपण्याआधीच ज्यू खेळाडूंना मुष्टियुद्ध संघटनेतून घालवण्यात आले. एरिख झेलिग या ज्यू विजेत्याला देश सोडून जावे लागले आणि लाइट हेवीवेट गटाचे जर्मन अजिंक्यपद रिकामे झाले. त्या पदासाठी ९ जून १९३३ रोजी सामना ठरला. जागा, क्रॉयझबर्गमधील बॉकबिअर ब्रुअरीचे आवार. एका बाजूला आडोल्फ विट, दुसऱ्या बाजूला ट्रोलमान. ज्या दगडाविषयी मी बोलतो आहे तो या आवारापाशीच आहे.

सामन्यात ट्रोलमान स्पष्टपणे सरस ठरला. संघटनेचा प्रमुख गेओर्ग राडाम नाझी पक्षाचा माणूस होता. जर्मन अजिंक्यपद एका सिंतीकडे जाते आहे हे त्याला सोसेना. त्याने पंचांना सामना अनिर्णित ठरवायला लावले. आणि मित्रहो, मग जे घडले ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे. प्रेक्षक खवळले. त्यांनी आरडाओरडा केला, निर्णय मानण्यास नकार दिला, आवारात दंगा होण्याची वेळ आली. अखेर पंचांना माघार घ्यावी लागली आणि ट्रोलमानला विजेता घोषित करावे लागले. त्या क्षणी रिंगणात उभा असलेला तो तरुण रडला.

हिटलर सत्तेवर येऊन चार महिने उलटून गेले होते. विरोधी पक्षांचे हजारो कार्यकर्ते तुरुंगांत आणि छावण्यांत होते. अशा वेळी बर्लिनमधील सामान्य प्रेक्षकांचा एक जमाव नाझी अधिकाऱ्याचा निर्णय जागच्या जागी बदलून घेऊ शकला. 'त्या काळी कोणालाही काहीही करता येत नव्हते' हे वाक्य आपण फार वेळा ऐकतो. ९ जूनची ती संध्याकाळ या वाक्याला उत्तर देते. करता येत होते. केलेही गेले.

पण गोष्ट तेथे संपली नाही. काही दिवसांतच संघटनेचे पत्र आले. अजिंक्यपद काढून घेण्यात आले होते. कारण काय दिले, तर खेळ निकृष्ट होता आणि विजेत्याचे वर्तन, म्हणजे ते रडणे, मुष्टियोद्ध्याला शोभणारे नव्हते. या वेळी जमाव नव्हता. पत्र टपालाने येते. ते आले त्या सकाळी ट्रोलमानच्या दारात ओरडायला कोणी जमले नव्हते. ९ जूनला ज्यांनी न्याय मिळवून दिला ते आपापल्या कामावर गेले होते. त्यांनी अन्याय केला असे कोणी म्हणणार नाही. त्यांनी आपले काम संपले असे मानले, एवढेच.

मला आजच्या भाषणात जे सांगायचे आहे ते येथे आहे. अन्याय डोळ्यांसमोर, मोठ्या आवाजात होतो तेव्हा त्याला विरोध करणारी माणसे बहुतेक समाजांत निघतात. पहिल्या दिवसाचे धैर्य तितके दुर्मिळ नसते. जमावात ते एकाकडून दुसऱ्याला मिळते. पण सत्ता शहाणी असते. ती दुसऱ्या दिवशी येते, कागदावर येते, नियमाच्या भाषेत येते, आणि प्रत्येकाला एकटा गाठते. त्या दुसऱ्या दिवसासाठी जे धैर्य लागते ते वेगळ्या जातीचे असते. ते संघटनेतून येते, शेजारधर्मातून येते, चिकाटीतून येते. जर्मनीत ते कमी पडले.

पुढचा सामना २१ जुलै १९३३ रोजी गुस्टाव्ह एडर याच्याशी ठरला. ट्रोलमानला बजावण्यात आले की, नाचायचे नाही, जागा सोडायची नाही, 'जर्मन' पद्धतीने उभे राहून लढायचे, नाहीतर परवाना जाईल. ट्रोलमान रिंगणात आला तो केस पिवळे रंगवून आणि अंगाला पांढरे पीठ फासून. तुम्हाला गोरा जर्मन हवा आहे ना, मग हा घ्या. त्याने जागा सोडली नाही, ठोसे चुकवले नाहीत, आणि पाचव्या फेरीत तो कोसळला. एवढ्या जाहीर रीतीने वंशवादाची टर उडवणारे फार थोडे लोक त्या वर्षी जर्मनीत होते. आणि तो ती उडवीत होता स्वतःच्या शरीराची किंमत देऊन. त्याची कारकीर्द तेथे संपत आली.

त्या सामन्याच्या एकच आठवडा आधी, १४ जुलैला, आनुवंशिक रोग्यांची संतती रोखण्याच्या नावाखाली सक्तीच्या नसबंदीचा कायदा संमत झाला होता. त्या कायद्याखाली पुढे सुमारे चार लाख माणसांवर शस्त्रक्रिया झाल्या. ट्रोलमानवर ती १९३५ साली झाली. पुढे १९३८ मध्ये त्याने घटस्फोट घेतला. हेतू हा की, आपल्या नावामुळे बायकोवर आणि लहान मुलीवर संकट येऊ नये.

या सगळ्याला शास्त्राचा आधार असल्याचे सांगितले जात होते. बर्लिनच्या डाहलेम भागात मानववंशशास्त्राची एक संस्था होती आणि ऑयगेन फिशर तिचे प्रमुख होते. त्याच संस्थेत आपल्या इरावती कर्वे यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस संशोधन केले होते. मानवी कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा संबंध वंशाशी लागतो आणि त्यातून युरोपीय वंशाचे श्रेष्ठत्व दिसते, असे काही हाती यावे ही गुरूंची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असा संबंध आढळत नाही असे प्रबंधात लिहिले. परक्या देशातील एका विद्यार्थिनीला जे प्रामाणिकपणे लिहिता आले ते पुढे त्या देशातील कित्येक नामांकित प्राध्यापकांना लिहिता आले नाही. हा प्रश्न बुद्धीचा नव्हता. 'आर्य' या शब्दाचेच पाहा. सिंती-रोमांची भाषा आर्य कुळातली आहे हे नाझी संशोधकांना ठाऊक होते. मग रॉबर्ट रिटर या डॉक्टरने तोड काढली. मूळचे लोक आर्य खरे, पण आता दहांतील नऊ संकरित आहेत, म्हणून ते अधिकच घातक! ज्याला माणूस नको असतो त्याला कारण सापडतेच.

आपल्याकडे आजही फूटपाथवरच्या पुस्तकांच्या ढिगात हिटलरचे आत्मचरित्र सहज मिळते, मराठीतही मिळते, आणि 'शिस्त आणावी तर त्याने' असे म्हणणारी सुशिक्षित माणसेही भेटतात. आर्य या शब्दाने ज्यांना गुदगुल्या होतात त्यांना एवढेच सांगावे की, त्या राज्यात ज्यांच्या तोंडी आपल्या भाषांचे शब्द होते त्यांना आउश्वित्झला पाठवण्यात आले. सुमारे तेवीस हजार सिंती व रोमा तेथे नेले गेले. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री, छावणीचा त्यांचा विभाग बंद करताना, मागे उरलेले चार हजारांहून अधिक लोक, बहुतेक स्त्रिया, मुले व वृद्ध, विषारी वायूने मारले गेले.

इतकी माणसे शोधून काढायला याद्या लागतात. त्या याद्या नाझींना नव्याने कराव्या लागल्या नाहीत. १८९९ सालापासून म्युनिकच्या पोलिसांनी 'जिप्सीं'ची नोंद ठेवणारी कचेरी चालवली होती आणि १९०५ मध्ये त्या नोंदींचे पुस्तकही छापले होते. १९२६ साली, लोकशाही असताना, बव्हेरियात जिप्सी आणि 'कामचुकार' यांच्याविरुद्ध कायदा झाला. म्हणजे फाइल आधी तयार होती, हत्यारा नंतर आला. आपल्या श्रोत्यांना ही गोष्ट परकी वाटू नये. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जन्माने माणूस चोर ठरला, नोंदणी झाली, हजेरी आली, सोलापुरात तारेच्या कुंपणातील सेटलमेंट आली. कायदा १९५२ साली गेला, पण पारध्याच्या पोरावरचा संशय गेला नाही. आपल्याकडे वायूच्या कोठड्या नव्हत्या. दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असे मी म्हणत नाही. पण जन्मावरून गुन्हेगार ठरवणारे दप्तर जेथे असते तेथे पुढचा राज्यकर्ता त्याचे काय करील हे त्या दप्तराच्या कारकुनाच्या हाती राहत नाही, इतके मात्र जर्मनीने दाखवून दिले आहे.

ट्रोलमानला १९३९ मध्ये सैन्यात घेतले. ज्या राज्याने त्याचे पद काढले, त्याची संतती होऊ दिली नाही, त्या राज्यासाठी लढून तो १९४१ मध्ये पूर्व आघाडीवर जखमी झाला. पुढे वंशाचे कारण दाखवून त्याला सैन्यातून काढले. १९४२ साली त्याला अटक झाली आणि हाम्बुर्गजवळच्या नॉयएनगामे छळछावणीत ९८४१ हा क्रमांक त्याला मिळाला. तेथील एका एसएस अधिकाऱ्याने त्याला ओळखले. दिवसभर मजुरी आणि संध्याकाळी एसएसच्या शिपायांचे ठोसे खाणे, अशी त्याची दिनचर्या झाली. कैद्यांच्या गुप्त समितीने तो मेल्याची खोटी नोंद करवून त्याला विटेनबेर्गे येथील उपछावणीत हलवले. येथे पुन्हा दुसऱ्या दिवसाचे धैर्य दिसते, आणि तेही अशा माणसांत ज्यांच्याजवळ काहीही उरलेले नव्हते. पण विटेनबेर्गेतही त्याला ओळखले गेले. एमिल कॉर्नेलियस नावाच्या मुकादम कैद्याशी त्याला लढावे लागले. अर्धपोटी ट्रोलमान ती लढत जिंकला. हरल्याचा अपमान कॉर्नेलियसला सहन झाला नाही. त्याने ट्रोलमानला काम चालू असताना मारून टाकले. ते १९४४ साल होते.

मित्रहो, युद्ध १९४५ साली संपले, पण फिडिसिनश्ट्रासेवरचा दगड २०१० साली बसला. मधली पासष्ट वर्षे काय झाले?

युद्धानंतर सिंती-रोमांना नुकसानभरपाई मागावी लागली. १९५६ साली पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने निकाल दिला की, १९४३ पूर्वीची त्यांच्यावरील कारवाई वंशद्वेषाची नव्हती. ती पोलिसी बंदोबस्ताची होती. त्या निकालपत्रात या लोकांना स्वभावतःच गुन्हेगारीकडे झुकणारे म्हटले होते. म्हणजे छळणाऱ्यांचीच भाषा न्यायासनावरून बोलली गेली. १९६३ साली न्यायालयाने ही भूमिका काही अंशी बदलली. आपल्याच त्या निकालाविषयी लाज वाटते असे त्या न्यायालयाच्या अध्यक्षांनी जाहीरपणे म्हणेपर्यंत आणखी कित्येक दशके लोटली. तिकडे बव्हेरियाच्या पोलिसांनी भटक्यांची वेगळी नोंद ठेवणे १९७० पर्यंत चालू ठेवले होते.

हे बदलले ते कोणाच्या उदारपणामुळे नव्हे. १९८० साली गुड फ्रायडेच्या दिवशी बारा जणांनी डाखाऊच्या पूर्वीच्या छळछावणीच्या जागेवर उपोषण सुरू केले. त्यांत छावणीतून वाचलेले सिंतीही होते. मागण्या साध्या होत्या. आमचा वंशसंहार झाला हे मान्य करा, आणि पोलिसांच्या जुन्या फायली कोठे आहेत ते सांगा. जगभरची वृत्तपत्रे तेथे आली. दोन वर्षांनी, १७ मार्च १९८२ रोजी, चॅन्सेलर हेल्मुट श्मिट यांनी तो वंशसंहार होता हे प्रथमच अधिकृतपणे मान्य केले. उपोषण म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको. अन्याय झाल्यावर पस्तीस वर्षांनीही जे उपाशी बसतात त्यांना दुसऱ्या दिवसाचे धैर्य म्हणतात.

त्यानंतरच बाकीचे झाले. ट्रोलमानचे अजिंक्यपद जर्मन मुष्टियुद्ध संघटनेने २००३ साली मान्य केले आणि विजेत्याचा पट्टा त्याच्या नातेवाइकांच्या स्वाधीन केला. २००४ मध्ये हॅनोवरच्या जुन्या गावभागातील एका वाटेला त्याचे नाव दिले गेले. हॅनोवरमध्येही त्याच्या नावाचा दगड आहे. २०१० साली बर्लिनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये काही कलावंतांनी '९८४१' नावाचे तात्पुरते स्मारक उभारले. ते एका बाजूला जमिनीत खचत चाललेले मुष्टियुद्धाचे रिंगण होते. आणि फूटपाथमध्ये तो दगड आला, घरापुढे नव्हे, तर जेथे जमावाने एका रात्रीपुरता न्याय मिळवला त्या जागेपाशी.

या दगडांवर आक्षेपही आहेत आणि ते हलके मानू नयेत. म्युनिकच्या ज्यू समाजाच्या नेत्या शार्लोटे क्नोब्लोख लहानपणी नाझींच्या तावडीतून लपून वाचलेल्या आहेत. त्यांचे म्हणणे असे की, ज्यांना बुटांनी तुडवले त्यांची नावे पुन्हा लोकांच्या पायांखाली का घालता? म्युनिक नगरपालिकेने सार्वजनिक जागेत असे दगड बसवायला नकार दिला आणि २०१८ पासून भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला फलक किंवा खांब लावण्यास सुरुवात केली. माझ्या मते दोन्ही रीती योग्य असू शकतात. ज्याच्या आप्तांचे नाव आहे त्याला ते कोठे हवे, हे आधी पाहावे. फरक एवढाच ध्यानात घ्यावा की, फूटपाथवरच्या पितळेला लोकांची गरज लागते. घासले नाही तर पितळ काळवंडते हे आपल्या स्वयंपाकघरात सर्वांना माहीत आहे. तेथील रहिवासी, शाळकरी मुले, विशेषतः ९ नोव्हेंबरला आणि २७ जानेवारीला गुडघे टेकून ते दगड घासतात. २०१२ साली ग्राइफ्सवाल्ड गावातील अकराच्या अकरा दगड ९ नोव्हेंबरच्या सुमारास कोणी उखडून नेले. गावकऱ्यांनी वर्गणी जमवली आणि नवे दगड बसवले. जे स्मारक एकदा उभारून विसरता येते त्यापेक्षा जे सांभाळावे लागते ते अधिक शिकवते, असे मला वाटते.

आपण येथे असे दगड बसवावेत असा ठराव मी मांडणार नाही. उसनी स्मारके रुजत नाहीत. पण आपल्या गावात ज्याच्यावर बहिष्कार पडला, ज्याला वस्तीतून उठवले, ज्याला जन्मामुळे चौकीत बसवले, त्याचे नाव आणि ती जागा आपल्याला माहीत असली पाहिजे. आणि अशा माणसासाठी आपण मोर्चा काढला असेल तर मोर्चाच्या दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे कोणता कागद आला, त्याची तारीख कधी आहे, त्या तारखेला त्याच्या बाजूला कोण बसणार आहे, हे आपल्या वहीत लिहिलेले असले पाहिजे. बर्लिनच्या त्या प्रेक्षकांनी ९ जूनला दाखवून दिले की लोक एकत्र ओरडले तर अन्याय मागे सरतो. त्यांच्यापैकी काही जण पत्र आल्यावर पुन्हा एकत्र आले असते तर इतिहास बदलला असता, असा दावा मला करता येत नाही. पण ट्रोलमान त्या पत्रापुढे एकटा राहिला नसता. इतके आपल्याला कोणासाठी तरी नक्की करता येण्यासारखे आहे.